असोद्याला फुल तिकीट

"उतर! आधी खाली उतर! हाफ तिकिटावर असोदा नाही म्हणजे नाही!"

वैशाखातली दुपार होती. पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा भिंतीच्या वीतभर सावलीत पोट आत घेऊन पडली होती, आणि त्या उन्हात आमचे घरमालक नाना एका लोटगाडीसमोर उभे राहून ओरडत होते. लोटगाडीवर गादी, गादीवर तीन उशा, आणि उशांना टेकून पंकज. वय अकरा वर्षं आणि वर काही महिने. स्नायू वाळत जाण्याचा आजार. पाय चार वर्षांपूर्वीच थांबले होते, आता हातही जड होत चालले होते. म्हणजे पोराला स्वतःहून उतरता येणार नाही हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. तरी नाना "उतर" म्हणत होते, आणि पोरगं वरून उत्तर देत होतं, "नाही उतरत. काय करायचं ते करा."

मी नुकताच, रोजच्यासारखा, चारच्या आत ऑफिसातून सटकून आलो होतो. मधे पडलो.

"अहो नाना, कोणावर ओरडताय? आजारी आहे तो!"

नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ड्रायव्हरने प्रवाशांच्या भानगडीत पडू नये," म्हणाले.

ड्रायव्हर म्हणजे मी. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, पण नानांच्या घरात भाडेकरू म्हणून पाऊल टाकल्यापासून तिसऱ्या महिन्यात माझी ही बढती झाली होती. लोटगाडी ढकलायची ती मीच.

नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पण निवृत्त झाला होता फक्त गणवेश. आवाज ड्यूटीवरच होता. जळगावच्या स्टँडवर उभं राहून त्यांनी "धुळे, धुळे, धुळे" अशी हाक दिली की धुळ्याच्या स्टँडवरची माणसं, आपल्याला कोण बोलावतंय म्हणून वळून बघायची. मधे पारोळ्याला म्हशी दूध चोरायच्या, असं मला एका पारोळेकराने शपथेवर सांगितलं आहे. माणूस खोटारडा होता, पण म्हशींच्या बाबतीत नव्हता.

घरातही ते पाय फाकवून, गुडघे जरा सैल सोडून उभे राहत. कधी वळण येईल सांगता येत नाही. पुढच्या खोलीत छताखाली त्यांनी एक आडवी लोखंडी दांडी ठोकून घेतली होती. चहा पिताना एक हात कपाला, एक हात दांडीला. पाहुणा उंबऱ्यात थबकला की "आत सरका, दारात गर्दी नको!" मग तो पाहुणा एकटाच का असेना. जेवताना ताटावर चमचा दोनदा वाजला की सुरू करायचं, एकदा वाजला की वाढणाऱ्याने हात आवरायचा. वाढायला अक्का. नानांची बायको. तो आवाज ज्या घरात राहतो तिथे दुसऱ्या माणसाला बोलायला जागा उरत नसावी. अक्का दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं बोलायच्या, त्यातली आठ नुसती "हां" अशी असायची.

तिकिटाच्या बाबतीत नाना म्हणजे साक्षात कायदा. स्वतःच्या लग्नाला वऱ्हाड एसटीने चाळीसगावला निघालं, तेव्हा नवरदेवाने बाशिंग बांधून सगळ्या वऱ्हाडाची तिकिटं फाडली, आणि वऱ्हाड न्यायला आलेल्या धाकट्या मेहुण्याला मिसरूड फुटल्याचं पाहून त्याला हाफऐवजी फुल लावलं. मेहुणा रडला, सासरे चिडले, लग्न मोडायची वेळ आली. "बारा पूर्ण झाले की फुल," नाना म्हणाले, "मग तो मेहुणा असो की मंत्री." ही गोष्ट खरी का, असं मी एकदा अक्कांना विचारलं होतं.

"हां," अक्का म्हणाल्या.

आता असा माणूस आजारी पोरांच्या नादाला कसा लागला, तर तोही तिकिटामुळेच. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या धुळ्याच्या गाडीत महिन्यातून एकदा एक बाई आपल्या पोरीला घेऊन यायची. पोरीला रक्त चढवावं लागे. ते आयुष्यभर चढवावं लागणार होतं, आणि ते आयुष्यही फार लांब नसणार, असं डॉक्टरांनी आईला सांगितलेलं. जाताना पोरगी फिकी असायची, परतताना गालांवर जरा लाली. नानांनी तिच्यासाठी खिडकीची एक जागा ठरवून टाकली. तिथे दुसरं कोणी बसलं की नाना त्याच्या कानाशी जाऊन नुसतं "तिकीट" म्हणायचे. माणूस उठायचा. ऐकू येणं पुढे दोन दिवस बंद.

निवृत्त झाल्यावर नानांना पहिली काळजी पडली ती त्या जागेची. नवा कंडक्टर धरेल की नाही? म्हणून दर महिन्याच्या त्या ठरल्या दिवशी हा माणूस सकाळी सहाला स्टँडवर हजर. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत. रुमाल पडला की जागा धरली गेली, हा आपल्याकडचा नियम कुठल्याही पुस्तकात नाही आणि कोणी मोडत नाही. पोरगी आणि तिची आई येऊन बसेपर्यंत नाना खिडकीखाली पहारा द्यायचे. पुष्कळदा गडबडीत गाडी रुमालासकट निघून जायची. धुळ्याच्या आगारात नानांच्या रुमालांची एक गोधडी शिवून झाली असेल. अक्का जुन्या लुगड्यांचे चौकोन कापून नवे रुमाल शिवायच्या. एकदा म्हणाल्या, "पातळ संपत चाललंय." बस, एवढंच.

पंकजचं घर आमच्यापासून चौथं. वडील डाळमिलमध्ये, आई घरी, आणि खिडकीत दिवसभर पंकजचं तोंड. नाना रोज त्या खिडकीवरून जायचे. एक दिवस थांबले.

"कुठे जायचं?"

"कुठेच नाही," पंकज म्हणाला.

"कुठेच नाही अशी गाडी नाही. गाव सांग."

पोरगं बावरलं. मग म्हणालं, "असोदा."

असोदा म्हणजे त्याच्या आजोबांचं, आबांचं गाव. जळगावला लागूनच, पण पंकज दोन वर्षांत तिथे गेला नव्हता. बसचे हादरे त्याच्या अंगाला सोसत नसत. शिवाय गेलं की आत्या आणि काकू त्याला बघून पदर डोळ्यांना लावायच्या. ते हादरे त्याला जास्त लागायचे.

आठवड्याच्या आत नानांनी एका केळीवाल्याकडून जुनी लोटगाडी मिळवली, तिला सायकलची चाकं लावली, वर काठ्या रोवून ताडपत्रीचं छत केलं आणि कडेला घंटी बांधून तिची दोरी स्वतःच्या हातात घेतली. जुन्या लग्नपत्रिका कापून, दोऱ्याने शिवून तिकिटांची दोन पुस्तकं केली. पिवळं हाफ, गुलाबी फुल. भंगारबाजारातून एक तिकिटाचा पंचही पैदा केला. पिवळ्या तिकिटावर गाडी नाक्यापर्यंत जाऊन परत. लांब पल्ल्याला गुलाबीच. बारा पूर्ण झाल्याशिवाय गुलाबी नाही. आणि हा सगळा कायदा त्यांनी पंकजला पहिल्याच दिवशी वाचून दाखवला.

रोज चार ते सहा अशी फेरी सुरू झाली. पहिल्या दिवशी पंकजची आई गाडीमागून चालू लागली, तर नानांनी घंटी वाजवून गाडी थांबवली.

"ताई, तुम्ही कुठे?"

"मी... त्याच्यासोबत."

"तुमची ड्यूटी किती वाजता सुरू होते?"

तिला हसावं की काय करावं कळेना. "रात्रंदिवस असते, नाना."

"कंडक्टरला आठवड्याची सुट्टी असते. ड्रायव्हरसारख्या माणसालाही असते. तुम्हाला कोणी दिलीच नाही? चार ते सहा माझी ड्यूटी. तुम्ही सुटलात. जा!"

तीन वर्षांत त्या बाईला मोकळे दोन तास मिळाले नव्हते. काय करायचं असतं त्यांचं, हेच ती विसरली होती. गल्लीत मधोमध उभी राहिली. मग अक्कांनी तिला हाताला धरून आमच्या ओट्यावर नेलं. आम्ही परतलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, आणि अक्का तिच्या अंगावर माशी बसू नये म्हणून लुगड्याच्या रुमालाने वारा घालत होत्या. नानांनी मग घंटी वाजवली नाही. नाक्यावर जाऊन आणखी एक फेरी मारून आलो.

वर्षभर असं चाललं. मग त्या चैत्रात पंकजच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात दहा दिवस काढून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की छातीचे स्नायूही आता दमलेत, पावसाळा निघेल असं धरून चालू नका, पोराला काय हवं नको ते बघा.

झालं. घरातल्यांनी बघायला जी सुरुवात केली! ज्या पोराला खोकल्याला वाईट म्हणून कुल्फी मिळत नव्हती त्याला सकाळ-संध्याकाळ कुल्फी. वैशाखात दिवाळीचे लाडू. नवे कपडे. सावद्याची मावशी केळीचा अख्खा घड घेऊन आली आणि चार दिवस राहून घडापेक्षा जास्त रडून गेली. पंकजने काहीही म्हटलं की सगळे "हो". अभ्यास नको? हो. औषध नंतर? हो. एकदा त्याने गंमत म्हणून हत्ती मागितला, तर वडील खरोखरच, मेहरूणच्या बाजूला सर्कस आली आहे का, हे विचारून आले.

मी भेटायला गेलो तर पोरगं उशांवर पडून छताकडे बघत होतं. म्हणालं, "काका, सगळे माझं ऐकतात. मला भीती वाटते."

आणि या घरात एकच माणूस रोज चार वाजता येऊन त्याला "नाही" म्हणत होता. सुरुवातीला सांगितलेलं ते वैशाखातलं भांडण त्याच दिवसांतलं. पंकजला असोद्याला जायचं होतं. आई-वडील तयार होते. मी, म्हणजे इंजिन, तयार होतो. अडून बसला होता कंडक्टर.

त्या संध्याकाळी मी नानांना धरलं. "नाना, त्याचं बारावं श्रावणात लागतं... म्हणजे पूर्ण होतं. डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला माहीत आहे. तुमच्या त्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यासाठी पोराची एवढी एक इच्छा राहून गेली तर?"

"नियम आहे."

"तुम्ही माणूस आहात की वेळापत्रक?"

नाना दांडीला धरून डोलत राहिले. "बारा पूर्ण झाले की फुल," म्हणाले. मी त्यांना जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अक्कांनी मधेच माझ्यापुढे चहा ठेवला. तो पिताना शिव्या थांबवाव्या लागल्या, यासाठीच ठेवला असणार.

पण मीही सरकारी कारकून होतो. कागदाला कागदाने मारायचं, हे मला कळत होतं. पंकज दुसरीपर्यंत शाळेत गेला होता. मी शाळेत जाऊन त्याचा दाखला काढला. जन्मतारीख: एक जून. असणारच! आपल्याकडे गुरुजींनी अर्ध्या खानदेशाला एक जूनला जन्माला घातलं आहे. एक जूनची मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली, आणि त्या दिवशी चार वाजता भर गल्लीत दाखला नानांच्या नाकापुढे धरला.

"सरकारी शिक्का आहे, नाना. बारा पूर्ण. फाडा तिकीट!"

नानांनी चष्मा लावला. दाखला वाचला, उलटून वाचला, उन्हात धरून पाहिला. "कागद पक्का शे," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. नानांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"थांबा!" गाडीवरून आवाज आला. पंकजचा आवाज तोवर बारीक झाला होता, पण त्या दिवशी कडक निघाला. "खोटं आहे ते. आई, मी कधी झालो?"

आई दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खोटं बोलायचं तिच्या फार मनात होतं, हे गल्लीने पाहिलं. पण पोरगं तिच्याकडे टक लावून होतं.

"कानबाईच्या रविवारी," ती हळूच म्हणाली. "असोद्याला. रोटांचं पीठ मळता मळता उठले होते मी."

कानबाई देवी आमच्या खानदेशात श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. म्हणजे आणखी दोन महिने.

"मग?" पंकज मला म्हणाला. "खोट्या कागदावर फुल घेतलं, आणि वाटेत चेकर आला तर? नानांची नोकरी जाईल, काका."

नाना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण त्यांचा हात खिशावरून खाली आला. "ड्रायव्हर!" ते सगळ्या पिंप्राळ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "हा प्रवासी नही शे, हा चेकर शे! बठ्ठा डेपोच्या डेपो सरळ केला असता याने!"

पंकज हसला. हसण्याने त्याला खोकला आला, आईने पाठ चोळली. नाना वळून माझ्याजवळ आले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "दोन महिने, ड्रायव्हर," म्हणाले. त्यांचा हात माझ्या दंडावर होता आणि दंडाला दुसऱ्या दिवशी त्यांच्या चारही बोटांच्या खुणा होत्या.

ते दोन महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. दोनदा ताप चढला. एकदा डॉक्टरांना घरी आणावं लागलं. गाडी बंद असली तरी नाना चार वाजता जाऊन त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचे, आणि दोघं कायद्यावरून भांडायचे. सव्वीस बसलेले आणि दहा उभे असताना कोंबडी नेता येते का? जुळ्यांचं वय घटकेने वेगळं असेल तर एकाला हाफ, एकाला फुल? ताप उतरला की नाही ते पंकजच्या आवाजावरून गल्लीला कळायचं. रोज संध्याकाळी कॅलेंडरवर एक फुली. ती पंकजच मारायचा. पेन आई हातात धरवून द्यायची.

आणि आला तो रविवार. आभाळ भरलेलं, पण पाऊस अंगावर घेण्याइतकाच. सकाळी सातला गाडी लागली. नानांनी जुना खाकी सदरा घातला होता. पंकज तीन उशांवर, शेजारी आई, तिच्यासाठी नानांनी "लेडीज एक" म्हणून वेगळं तिकीट फाडलं. वडील सायकलवर, हातात छत्री. अख्खी गल्ली दारात.

"कुठे जायचं?"

"असोदा. एक फुल."

नानांनी सदऱ्याच्या खिशातून तिकीट काढलं, टिक करून पंच मारला आणि त्याच्या बोटांत दिलं. पंकजने ते डोळ्यांजवळ नेलं. चेकरच तो.

"नाना, हे गुलाबी नाही. पांढरं पडलंय. आणि मऊ लागतंय."

"श्रावण आहे," नाना खेकसले. "सगळंच ओलं होतं. डबल!" आणि दोनदा घंटी.

मी गाडी ढकलली. पिंप्राळ्यापासून असोद्यापर्यंत, सगळं जळगाव ओलांडून. आज तिथे गेलात तर रस्त्याच्या मधोमध एक लांबच लांब खोलगट पट्टा दिसेल, तो माझ्या टाचांनी पडलेला आहे. चौकातल्या पोलिसाने आम्हाला अडवलं तर नानांनी उलट त्यालाच तिकीट विचारलं. एक ट्रकवाला हॉर्न वाजवत मागे लागला, तेव्हा पंकज म्हणाला, "साइड देऊ नका, आपण जलद गाडी आहोत." शहर मागे पडलं, केळीच्या बागा सुरू झाल्या, आणि पोरगं बोलायचं थांबलं. मान वळवता येत नव्हती म्हणून आईने उशा सरकवून त्याला एकदा या बाजूच्या बागांकडे, एकदा त्या बाजूच्या बागांकडे केलं. तिच्या पदराने एकदाही डोळे गाठले नाहीत. मी मागून बघत होतो.

असोद्याला घरासमोर बाया जमल्याच होत्या. गाडी दिसताच दोघी-तिघींचे पदर वर गेले. नानांनी घंटी बडवली. "रडणाऱ्यांनी मागच्या गाडीने यावं! या गाडीत रडायला मनाई आहे!" पदर जिथल्या तिथे थांबले. पंकजने तिकीट धरलेली बोटं जेमतेम उचलली आणि आबांना म्हणाला, "आबा, मी फुल आलोय."

कानबाईच्या रोटांना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट भाऊबंदांखेरीज कोणी खायचे नसतात. आबांनी पहिला घास पंकजला भरवला. मी घामाने निथळत, भुकेने अर्धमेला होऊन पुढे सरकलो, तर पंकज तोंडातला घास सावरत ओरडला, "ड्रायव्हरकाकांना नाही! ते भाऊबंद नाहीत. नियम आहे!" मला खीर मिळाली. कोपऱ्यात बसून. नाना शेजारी खीरच खात होते आणि पोराकडे बघून असे खूश होते, जशी काही त्याला खात्यात नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी कानबाईला निरोप देऊन आम्ही परतलो. डॉक्टरांचा पावसाळा निघाला. दिवाळीही झाली, आणि पंकजने तीत खोकल्यामुळे कुल्फी नाकारल्यावरून रीतसर भांडण केलं. तो पौषात गेला. घरीच, सकाळी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. तिकीट त्याच्या उशाखाली होतं, ते आईने ठेवून घेतलं.

पुढेही बरेच दिवस चार वाजले की नाना त्या घरी जाऊन स्टुलावर बसायचे. पंकजच्या आईला ते "ताई, तुमची ड्यूटी संपली" म्हणत नसत. नुसते बसायचे. ती समोर बसून गहू निवडायची, कधी बोलायची, कधी पंकजची नक्कल करून दाखवायची. महिन्यातून एकदा रुमाल धुळ्याला जातच होता.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान बांधून झालं आणि मी नानांच्या पुढच्या खोलीत निरोपाचा चहा घेत उभा होतो. एक हात दांडीला, सवयच लागली होती. इतके महिने राहून गेलेलं मी विचारून टाकलं.

"नाना, खरं सांगा. तो कानबाईच्या आधीच गेला असता तर? काय केलं असतं तुम्ही त्या तिकिटाचं?"

नाना कप हातात धरून एखादं मोठं वळण यावं तसे एका बाजूला झुकून उभे राहिले. मग आतून, भांडी घासता घासता, अक्का म्हणाल्या,

"ते वैशाखमाच फाडेल व्हतं. मी तीनदा धोयं, सदरासंगे."